नळी खाली होती

१

नळीत माती होती.

छोट्या विमानाच्या डाव्या पंखाच्या पोटाला करंगळीएवढी एक नळी असते. विमान पळायला लागलं की वारा तिच्यात शिरतो. तो जितक्या जोरात शिरेल तितका कॉकपिटमधला काटा पुढे सरकतो, आणि वैमानिकाला आपला वेग कळतो. त्या रविवारी काटा जागचा हललाच नाही. अण्णासाहेबांचं दोन आसनी विमान घनसावंगीजवळच्या त्यांच्या खासगी धावपट्टीवरून सुसाट निघालं, पट्टी संपली तरी थांबलं नाही, आणि सत्काराला जमलेल्या सगळ्या मंडपादेखत शेजारच्या कपाशीत घुसलं. पुढचं चाक मोडलं, समोरचा पंखा वाकला. माणसं वाचली हे नशीब.

शेताची माती काळीभोर होती. नळीच्या तोंडात घट्ट बसलेली माती मात्र तांबूस होती. म्हणजे ती शेतातून आलेली नव्हती, विमान पळायच्या आधीपासूनच आत होती.

"कोणीतरी बोळा कोंबलाय," विमानाचे मालक अण्णासाहेब वाकून बघत म्हणाले. जालना एमआयडीसीत त्यांची बियाण्यांची कंपनी होती, आणि विमान हा त्यांचा हौसेचा मामला होता.

ते तसं म्हणाले आणि जमलेले सगळे एकदम कॅप्टन अक्षता साळवेकडे बघायला लागले. कपाळावर टेंगूळ घेऊन ती कपाशीच्या ओळीत बसली होती. विमानाची बाहेरची तपासणी तिच्याकडे होती. ती खरी घाबरली ती त्या क्षणी, पळत्या विमानात नाही.

कारण ते का बघताहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं.

२

अक्षता ज्या गोदाई एअरमध्ये होती ती छोटी कंपनी. विमानं पंख्याची, गावं लहान, धावपट्ट्या आखूड. तीन महिन्यांपूर्वी व्योम नावाच्या मोठ्या जेटवाल्या कंपनीने गोदाई विकत घेतली, आणि वैमानिकांमध्ये दोन तट पडले. कोणाला कोणता मार्ग, ज्येष्ठतेच्या यादीत कोण वर आणि कोण खाली, यावरून रोज भांडणं. जेटवाले गोदाईच्या लोकांना 'पंखेवाले' म्हणत. पंखेवाल्यांच्या उड्डाणाचा एक तास अर्धाच धरा, अशी जेटवाल्यांची मागणी होती. "तुमचे तास आरामाचे, आमचे तास उतरण्या-चढण्याचे," असं अक्षताने भर बैठकीत सुनावलं होतं. यादी ठरवणाऱ्या समितीवर पंखेवाल्यांकडून ती होती आणि जेटवाल्यांकडून कॅप्टन राधेश्याम लड्डा. दोघंही जालना जिल्ह्यातलेच.

अण्णासाहेबांना वाटलं, जिल्ह्याच्या दोन्ही कॅप्टनांचा सत्कार करावा आणि दोघांना एकाच विमानात बसवून एक चक्कर मारायला लावावी, म्हणजे वाद मिटेल. विमान चालवायचं लड्डांनी, आधीची तपासणी अक्षताची. वाद मिटायचा राहिला बाजूला.

"मी काट्याकडे बघण्याआधीच ही 'वेग नाही, थांबा' म्हणून ओरडली," लड्डांनी चौकशीत सांगितलं. मनगट प्लॅस्टरमध्ये, आवाज मात्र शाबूत. "काटा चालणार नाही हे हिला आधीच माहीत होतं. साऱ्या जिल्ह्यासमोर माझी फजिती करायची होती."

"आखूड पट्टीवर आम्ही पहिल्यांदा काट्याकडेच बघतो," अक्षता म्हणाली. "तुम्ही 'येईल, येईल' म्हणत राहिलात."

"आणि कव्हर? विमान उभं असताना नळीवर घालतात ते कव्हर कोणी काढलं?"

"तुम्ही. मी बसताना विचारलं, 'कव्हर?' तुम्ही म्हणालात, 'काढलंय, चला.'"

"साफ खोटं! मी आलो तो थेट मंडपात. विमानाजवळ गेलो ते बसायलाच, आणि तेव्हा नळीवर काहीच नव्हतं."

चौकशीला मुंबईहून आलेले साहेब दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी धावपट्टीचे राखणदार निजामोद्दीन यांना बोलावलं. पांढरी दाढी, खांद्यावर फडकं. सगळे त्यांना चाचाच म्हणत.

"त्या दिवशी विमान पुसलं होतं का तुम्ही?"

"पुसलं ना साहेब. मंडपात खुर्च्या लावून राह्यले होते तवा. पाव्हणे यायच्या आधी."

"मग ती नळी बघितली असेल. कशी होती?"

"नळी खाली होती."

साहेबांनी मान वर केली. "अहो, ती खालीच असते. पंखाच्या खाली. वर कोण बसवणार?"

अण्णासाहेब मोठ्याने हसले. लड्डाही हसले. खरं सांगायचं तर एवढ्या घोरातही अक्षताच्या ओठावर हसू आलं.

"तसं न्हाई साहेब. खाली होती म्हंतो मी. बिलकुल खाली."

"बरं, बिलकुल खाली. या तुम्ही."

चाचांनी फडकं झटकलं आणि ते बाहेर गेले. नंतर कोणी काही विचारलं की ते नुसती मान हलवत. हसणाऱ्यांपुढे माणूस किती वेळा तेच सांगणार?

संध्याकाळच्या आत अक्षताच्या हातात कंपनीचा निरोप पडला. निकाल लागेपर्यंत उड्डाण बंद. घातपात सिद्ध झाला तर परवाना रद्द, आणि गोदाईच्या सगळ्या वैमानिकांच्या ज्येष्ठतेचा फेरविचार.

ती एकटी बुडणार नव्हती. सगळ्यांना घेऊन बुडणार होती.

३

आपल्या गावी, धावड्याला घरी येऊन तिला दोन दिवस झाले होते, आणि जेवणाचं ताट तसंच परत जात होतं. वडील कडूबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते दर अर्ध्या तासाने उगाच फाटकापर्यंत जाऊन येत. गावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पोरगी विमान चालवते म्हणून ज्यांनी पेढे खाल्ले होते, तेच आता वळून विचारत होते की गुरुजी, खरं काय झालं?

"बाबा, तुम्हाला तरी खात्री आहे ना?" शेवटी तिनेच विचारलं.

"मला खात्री हाय गं. पण माझ्या खात्रीला तिथं कोन इचारतं?" एवढं बोलून ते पुन्हा फाटकाकडे गेले, आणि तिला रडू आवरेना.

आई बेबीनंदाचं दुःख निराळंच होतं. "सगळं ठीक हाय, पण म्या शिवलेली टोपी कुटं गेली ती सांग. एवढी जीव लावून शिवल्ती."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. मोठ्या कंपनीच्या सुरक्षा विभागातून गजाला काझी आल्या होत्या. अक्षता उठून उभी राहिली. व्योमची बाई म्हणजे जेटवाल्यांचीच. पण बाईंनी चप्पल काढली, आईच्या हातचा चहा घेतला, आणि सांगितलं की त्या जुन्या जालन्यात वाढलेल्या आहेत, त्यामुळे दूध जास्त असलं तरी चालेल.

"ही टोपी काय भानगड आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

अक्षता कानकोंडी झाली. "नळीचं कव्हर. अण्णासाहेबांच्या विमानाचं लाल कव्हर उंदरांनी कुरतडलं होतं. म्हणून शुक्रवारी मी इथे आले तेव्हा माझ्या मायने एक शिवून दिलं. तिच्या निळ्या साडीच्या काठाचं. रविवारी पहाटेच धावपट्टीवर गेले, विमान तपासलं, नळीत डोकावून बघितलं, टोपी घातली, दोरी बांधली. तेव्हा तिथे चिटपाखरूही नव्हतं. चाचा गेटवर होते. मग मी आई-बाबांना आणायला जालन्याच्या स्टँडवर गेले. त्यांची बस उशिरा आली. परत आले तेव्हा भाषणं सुरू झाली होती. तशीच स्टेजवर गेले."

"आणि स्टेजवरून थेट विमानात."

"हो." अक्षताने मान खाली घातली. "टोपी नव्हती. मी विचारलं, ते 'काढलंय' म्हणाले. मला वाटलं, आत्ताच काढली असेल. मी पुन्हा डोकावले नाही."

"कव्हर निळं होतं हे चौकशीत का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे आपले लाल कव्हर, लाल कव्हर म्हणत होते. आणि आईच्या साडीचा तुकडा म्हटलं असतं तर खो खो हसले असते. पंखेवाल्यांचं जुगाड म्हणून."

गजालांनी कप खाली ठेवला. "आता हे कोणालाही सांगू नका. अण्णासाहेबांनाही नाही. मीही लालच म्हणत राहीन."

मग त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची एक डबी काढली. आत ती नळी होती, मातीसकट. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी सुईच्या टोकाने मातीचा कोपरा हळूच उकरला. कडूबा फाटकावरून परत आले आणि तिथेच खिळले. ढेकूळ फुटलं. आत पोकळी होती, आणि त्या पोकळीतून काहीतरी हिरवं, बारीक, कागदावर पडलं.

ते किंचित हललं.

४

"अळी!" बेबीनंदा म्हणाल्या.

"अळीच," गजाला म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "आणि ही बघा दुसरी. बाई, तुमच्या खिडकीच्या चौकटीत मातीचं घर करते ती कोण?"

"कुंभारीण! लई वंगाळ. भोक दिसलं की लिंपलंच तिनं."

"तीच. गांधीलमाशीची बहीण. ओली माती तोंडात धरून आणते, आत अंडं घालते, पिल्लाला खायला अळ्या डांबते. मारत नाही, नुसती बधिर करते, म्हणून अजून हलताहेत. कपाशीच्या शेतात अळ्यांना काय तोटा? आणि गेटजवळच्या नळाखाली मुरमाचा तांबडा चिखल आहे, तो मी येताना पाहिला. माणसाने कोंबलेल्या बोळ्यात पोकळी नसते, आणि अळ्या तर नसतातच. घातपात वगैरे काही झालेला नाही."

अक्षताच्या जिवात जीव आला. कडूबांनी तर चष्मा काढून पुसायलाच घेतला.

"खूश होऊ नका," गजाला म्हणाल्या. "कुंभारीण झाली तरी तिला वेळ लागतो. चार-दोन मिनिटांत हे होत नाही. म्हणजे नळी बराच वेळ उघडी होती. तुम्ही म्हणता टोपी घातली. तुमच्याशिवाय ती नळीवर कोणी पाहिली?"

कोणीच नाही.

"लड्डा म्हणणार, ही बांधायलाच विसरली. मग घातपाताऐवजी हलगर्जीपणा होईल. परवाना तसाही जाईल, आणि पंखेवाल्यांना साधी तपासणी येत नाही म्हणून यादीतही तळाला जाल."

आलेला जीव परत गेला. दोष बदलला होता, शिक्षा तीच होती.

"मी घातली होती हो," अक्षता म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला खोटा वाटायला लागला. पहाटेची ती गाठ तिने मनात शंभरदा बांधून पाहिली होती. शंभराव्या वेळेला तिला शंका आली, खरंच बांधली का?

५

दुसऱ्या दिवशी दुपारी गजालांनी तिला सोबत घेऊन धावपट्टी गाठली. चाचा गेटच्या सावलीत बसले होते. अक्षताला बघून त्यांनी सलाम केला आणि चौकशीचा विषय निघताच तोंड फिरवलं.

"म्या सांगितलं ते सांगितलं. साहेबलोक हसले. हसू द्या."

"चाचा, मुझे सुनाव ना एक बार," गजाला त्यांच्या बाजूला खाली मांडी घालून बसल्या. "नळी कैसी थी?"

"बोला ना बेटा, खाली थी."

अक्षताने सुस्कारा सोडला. पुन्हा तेच. पण गजालांचा हात हवेतच थांबला. त्यांनी अक्षताकडे पाहिलं, मग चाचांकडे.

"खाली यानी?"

"खाली यानी खाली!" चाचा वैतागले. "जैसा डब्बा खाली, घडा खाली. ऊपर गिलाफ नई, कव्हर नई, अंदर कुछ नई. धूप सीधी अंदर पडरी थी, चमकरी थी नळी. क्या नया बोला मैं?"

अक्षताच्या डोक्यात आता प्रकाश पडला. खाली म्हणजे रिकामी! चाचांच्या घरी रिकाम्याला खालीच म्हणतात. जालन्याच्या बाजारात तीही रोज ऐकते, पोतं खाली, टेम्पो खाली, आणि स्वतःही म्हणते. पण नळी खरोखरच पंखाच्या खाली असते, त्यामुळे त्या खोलीत एकालाही दुसरा अर्थ सुचला नव्हता. चाचांनी सगळ्यात मोठी साक्ष दिली होती, आणि सगळे हसले होते. तीसुद्धा.

"चाचा, माफ करा," ती म्हणाली. "मी पण हसले होते."

"जाऊ द्या म्याडम. तुमी टेन्शनमधी होत्या."

"म्हणजे खुर्च्या लावत होते तेव्हा नळी उघडी होती आणि साफ होती," गजाला मोठ्याने विचार करत होत्या. "माती नंतर आली. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, तेवढ्यात कुंभारणीने संसार थाटला. आणि तुम्ही त्या वेळी जालन्याच्या रस्त्यावर होता."

"मग सुटले ना मी?"

गजाला चाचांकडे वळल्या. "चाचा, त्याच्या आधी तुम्ही नळीवर टोपी पाहिली होती का?"

"न्हाई बेटा. मी गेटवरच होतो. मंग टँकर आल्ता, तिकडं गेल्तो. कोन आलं कोन गेलं, माहीत न्हाई."

"मग ही साक्ष दुधारी आहे," गजाला उठत म्हणाल्या. "नळी उघडी होती, हे पक्कं. कोणी काढली म्हणून उघडी, की कोणी घातलीच नाही म्हणून उघडी, हे चाचा सांगू शकत नाहीत. उद्या सगळ्यांना बोलावते. तुम्ही फक्त एक करायचं. काहीही झालं तरी बोलायचं नाही."

एवढं हातातोंडाशी आलेलं, आणि आता गप्प बसायचं. अक्षताला परतीच्या रस्त्यात ऊसही दिसला नाही आणि कपाशीही दिसली नाही.

६

आधीची चौकशी झाली त्याच, धावपट्टीजवळच्या क्लबच्या खोलीत छताचा पंखा गरगरत होता. मुंबईचे साहेब, अण्णासाहेब, हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेले लड्डा, दाराशी चाचा, आणि भिंतीला टेकून अक्षता.

गजालांनी आधी कुंभारणीची गोष्ट सांगितली. डबीतल्या अळ्या सगळ्यांनी वाकून पाहिल्या.

"म्हंजे कोणाचाच दोष न्हाई!" अण्णासाहेब टाळी वाजवून म्हणाले. "माशीनं केलं. मिटवून टाका की मंग. उगं जिल्ह्याची बदनामी." त्यांना जिल्ह्यात विमानसेवा आणायची होती, आणि हे प्रकरण जेवढं लवकर गाडलं जाईल तेवढं त्यांना हवं होतं.

"मिटलं असतं," गजाला म्हणाल्या, "पण लाल कव्हर असतं तर माशी आत शिरलीच नसती. ते लाल कव्हर कुठे आहे? अण्णासाहेब, तुम्ही पाहिलं होतं?"

"लाल कव्हर हुतं ना. लाल फीत लोंबती त्याला. पण त्या दिवशी न्हाई बघितलं बुवा. मी मंडपात हुतो, पाव्हण्यांना फोन करून करून बेजार."

मग गजालांनी 'खाली'चा उलगडा केला. मुंबईच्या साहेबांचे कान लाल झाले. चाचांनी दाढीवरून हात फिरवला.

"थोडक्यात," गजाला म्हणाल्या, "पाहुणे यायच्या आधीच, कॅप्टन साळवे इथे नसताना, नळी उघडी होती."

अक्षता लड्डांकडे बघत होती. तिला वाटलं होतं ते बिचकतील. उलट त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी चांगला हात टेबलावर आपटला.

"बघा! मी काय म्हणत होतो? मी यायच्या आधीपासून नळी उघडी. म्हणजे हिने बांधलंच नव्हतं! साहेब, हाच तर फरक आहे. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला ठरलेली माणसं, ठरलेली साधनं. आणि हे लोक? विमानाला निळी चिंधी गुंडाळायची आणि त्याला कव्हर म्हणायचं! ती चिंधी घरी विसरली असेल, दुसरं काय? या लोकांचा तास आमच्या तासाबरोबर धरायचा म्हणता?"

अक्षताचं रक्त उसळलं. आईने जीव लावून शिवलेली टोपी, आणि हा तिला चिंधी म्हणतो! तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गजालांची नजर तिच्यावर पडली. तिने ओठ मिटले. आणि ओठ मिटल्यावर तिला कळलं की हा माणूस आत्ता काय बोलून गेला आहे.

"कोणती चिंधी म्हणालात कॅप्टन?" गजालांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"ती... कव्हरची."

"निळी?"

लड्डांचा टेबलावरचा हात मागे सरकला.

"चार दिवस या खोलीत सगळे लाल कव्हर म्हणताहेत. साहेब म्हणाले, अण्णासाहेब आत्ता म्हणाले, मी तर मुद्दाम म्हणत होते. कारण जगात सगळीकडे ते लालच असतं. निळं होतं ते फक्त या एका विमानाचं, आणि तेही एकाच सकाळी. शुक्रवारी ते धावड्याला शिवलं गेलं. रविवारी पहाटे पहिल्यांदा इथे आलं. तुम्ही विमानात बसलात तेव्हा नळीवर काही नव्हतं, हे तुमचंच म्हणणं. मग तुम्ही ते पाहिलंत कधी?"

लड्डांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. "अण्णासाहेब बोलले असतील..."

"माझं नाव नका घिऊ!" अण्णासाहेब खुर्चीसकट मागे सरकले. "मला आत्ता कळून राह्यलं निळं हुतं म्हणून!"

"कॅप्टन साळवे ते घरी विसरल्या असत्या," गजाला पुढे म्हणाल्या, "तर तुम्हाला ते कधीच दिसलं नसतं. तुम्हाला ते दिसलं, म्हणजे ते नळीवर होतं. म्हणजे त्यांनी ते बांधलं होतं. आणि चाचा विमान पुसायला आले तोवर ते गेलं होतं."

लड्डांनी डोळे मिटले. मघाचा तो ताठ माणूस बघता बघता खुर्चीत खचला.

"फोटो काढायचा होता," ते म्हणाले. "लवकर आलो होतो. कोणी नव्हतं. आमच्या ग्रुपवर टाकायला एक सेल्फी. ते निळं लोंबताना बरं दिसेना. काढलं, खिशात टाकलं. परत लावीन म्हटलं. मग हारतुरे, भाषणं... विसरलो. जेटला ही कव्हरं खालची माणसं काढतात, घालतात. वीस वर्षांत माझ्या हाताला ती सवयच राहिली नाही." ते पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत होते. "दवाखान्यात शर्ट काढताना खिशात सापडलं. तेव्हा कळलं."

"तेव्हाच सांगितलं असतं तर चूक होती," गजाला म्हणाल्या. "चार दिवस दुसऱ्याच्या गळ्यात अडकवलीत, तिला चूक म्हणत नाहीत."

लड्डांनी बॅग ओढली आणि डाव्या हाताने चाचपून ती निळी टोपी टेबलावर ठेवली. टाके बारीक आणि सरळ होते, दोरी तशीच गुंतलेली.

"फेकून का नाही दिलीत?" अक्षता पहिल्यांदाच बोलली. तिला राग यायला हवा होता, आणि तो येत होताही, पण आवाज रडवेला निघाला.

"हाताने शिवलेली आहे," लड्डा तिच्याकडे न बघता म्हणाले. "फेकवेना."

७

गजालांच्या निकालात दोन नावं होती. लड्डा समितीतून गेले आणि बरेच महिने त्यांचं उड्डाण बंद झालं. अक्षताचंही नाव होतं. दुसऱ्याच्या 'काढलंय'वर विसंबून तिने नळीत डोकावून पाहिलं नाही, म्हणून महिनाभर घरी. गजालांनी ते फोन करून स्वतः सांगितलं. अक्षताला वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही, कारण त्या चार दिवसांत ती हेच स्वतःला ऐकवत होती.

यादी लागली तेव्हा पंखेवाल्यांचा तास जेटवाल्यांच्या तासाइतकाच धरला होता. कडूबांनी गावात पुन्हा पेढे वाटले, आणि ज्यांनी वळून विचारलं होतं त्यांना दोन दोन दिले.

विमान दुरुस्त होऊन आलं तेव्हा अण्णासाहेबांनी तिला एकटीलाच बोलावलं. सत्कार नाही, मंडप नाही. कपाशी वेचून झाली होती. गेटजवळच्या नळाखालचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. अक्षता बाहेरची तपासणी करत फिरत होती आणि चाचा पंख पुसत होते. नळीवरून त्यांनी स्वतःच निळी टोपी काढली, घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

टोपी खिशात ठेवताना ती थोडी धास्तावलीच. ही धास्ती आता कायमची, हे तिने मान्य केलं होतं.

"चाचा, नळी कशी आहे?"

चाचा दाढीत हसले. "खाली, बेटा. बिलकुल खाली."

तरी अक्षता वाकली आणि स्वतःच्या डोळ्यांनी आत बघितलं.